व्हेरिकोसीलचं ऑपरेशन कोणाला लाभतं, कोणाला नाही

चिंचवडच्या २९ वर्षांच्या एका तरुणाने विचारलं आहे: लग्नाला अडीच वर्षं झाली, मूल नाही. पत्नी २७ वर्षांची, तिच्या तपासण्या ठीक आहेत. माझ्या वीर्यतपासणीत शुक्राणूंची संख्या दर मिलिलिटरला ८० लाख आणि हालचाल २२ टक्के आली. रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या डॉपलर सोनोग्राफीत डाव्या बाजूला तिसऱ्या ग्रेडचं व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाच्या शिरा फुगण्याचा आजार, निघालं. एक डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करा, दुसरीकडे सांगितलं की वेळ घालवू नका, सरळ आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबी, करा. वडील म्हणतात, त्या जागी चाकू लावला की माणूस कायमचा कामातून जातो. हे असंच ठेवलं तर काय बिघडेल, आणि ऑपरेशन केलं तर नक्की काय मिळेल?

आधी थेट उत्तर देतो. तुम्ही लिहिलेली माहिती बरोबर असेल तर माझं मत ऑपरेशनच्या बाजूने आहे. पत्नी २७ वर्षांची आहे, म्हणजे तुमच्या हातात वर्ष-दीड वर्ष निवांत आहे आणि या ऑपरेशनचा परिणाम दिसायला तेवढा वेळ पुरतो. पण एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही आणि माझ्या दृष्टीने तीच सगळ्यात मोलाची आहे. तुम्हाला उभं करून, हाताने कोणी तपासलं का? ‘तिसरा ग्रेड’ हे डॉपलरच्या कागदावरचे शब्द आहेत. गेली २२ वर्षं मी पुण्यात पुरुष वंध्यत्वाचं काम करतो आहे. या आजारात जे चुकीचे निर्णय मी पाहिले, आणि त्यातले एक-दोन माझे स्वतःचे होते, ते बहुतेक सगळे नुसता कागद पाहून घेतलेले होते.

आता हा आजार म्हणजे काय ते सांगतो. वृषणाकडून, म्हणजे आपण बोलताना ज्याला गोटी म्हणतो तिथून, अशुद्ध रक्त वर नेणाऱ्या बारीक शिरांचं एक जाळं असतं. माझ्याकडे जुन्नर, भोर, बारामतीकडून शेतकरी कुटुंबातली मुलं येतात. त्यांना मी विहिरीवरच्या मोटरचं उदाहरण देतो. पाइपाच्या तळाशी फूटव्हॉल्व्ह असतो. तो धड असेल तर मोटर बंद केली तरी पाइपातलं पाणी जागच्या जागी उभं राहतं. तो निकामी झाला की सगळं पाणी परत विहिरीत. शिरांमध्येही अशाच झडपा असतात. त्या कमकुवत असल्या की माणूस उभा राहिल्यावर रक्त वर जाण्याऐवजी खाली उतरतं, साचतं, आणि हळूहळू शिरा फुगून वेड्यावाकड्या होतात. पायावर व्हेरिकोज व्हेन्स होतात, त्यांचीच ही भावंडं.

दहापैकी नऊ वेळा हे डाव्या बाजूला होतं, कारण आपल्या शरीराची रचनाच तशी आहे. उजव्या वृषणाची शीर पोटातल्या महाशिरेला तिरकी जाऊन मिळते. डावी त्यापेक्षा ८ ते १० सेंटिमीटर लांब असते आणि डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला जवळजवळ काटकोनात मिळते. एवढ्या उंच रक्ताच्या स्तंभाचा भार खालच्या झडपांवर पडतो. भरीस भर म्हणजे डाव्या मूत्रपिंडाची शीर दोन मोठ्या धमन्यांच्या बेचक्यातून जाते आणि काही जणांत तिथे ती दाबली जाते.

व्हेरिकोसील साधारण १०० पुरुषांमागे १५ जणांना असतं. पीएमपीच्या भरलेल्या बसमध्ये ६० पुरुष असतील तर त्यातल्या नऊ जणांना ते असेल आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसेल. त्यातले बरेच जण काही उपचार न करता बाप झालेले असतात. उलट मूल होत नाही म्हणून तपासणीला आलेल्या पुरुषांमध्ये हेच प्रमाण १०० मागे ३५ ते ४० पर्यंत जातं. या दोन्ही आकड्यांमध्ये तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. नुसतं व्हेरिकोसील आहे म्हणून ऑपरेशन करायचं नसतं, पण मूल होत नसताना ते हाताला लागत असेल तर दुर्लक्षही करायचं नसतं.

ते असंच ठेवलं तर काय बिघडतं? सगळ्यात आधी उष्णता. शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागतं, म्हणून तर निसर्गाने वृषणं पोटाबाहेर ठेवली आहेत. वरून धमनीने येणारं गरम रक्त भोवतीच्या शिरांमधल्या गार रक्तामुळे वाटेतच निवतं. त्या शिरांमध्ये गरम रक्त तुंबून राहिलं की हे निवणं थांबतं. आणि दोष एका बाजूला असला तरी तापमान दोन्ही वृषणांचं वाढतं. ‘डावीकडचं बिघडलं तरी उजवी आहे ना’ असं पुष्कळ जण म्हणतात, पण शुक्राणूंच्या बाबतीत ते खरं ठरत नाही.

उष्णता आणि तुंबलेलं रक्त यामुळे पेशींना गंज चढल्यासारखं नुकसान होतं. संख्या कमी होते, हालचाल मंदावते, आकार बिघडतो. जे शुक्राणू उरतात त्यांच्यातल्या डीएनएचे धागेही जास्त तुटलेले असतात. नेहमीच्या वीर्यतपासणीत हे तुटणं दिसत नाही, त्यासाठी वेगळी चाचणी असते. वारंवार गर्भपात होणाऱ्या काही जोडप्यांमध्ये पत्नीच्या सगळ्या तपासण्या करून झाल्यावर दोष इथे सापडतो.

दुसरं नुकसान वृषणाच्या आकाराचं. पहिल्या शतकातल्या सेल्सस या रोमन लेखकानेही लिहून ठेवलं होतं की वृषणावरच्या शिरा फुगल्या की ते वृषण पोषणाअभावी दुसऱ्यापेक्षा लहान होतं. दोन हजार वर्षांपूर्वी, नुसत्या डोळ्यांनी आणि हातांनी! तपासताना मी आजही पहिल्यांदा तेच पाहतो.

तिसरी गोष्ट मला जास्त सांगावीशी वाटते, कारण तिच्याकडे लक्षच जात नाही. हे नुकसान काही जणांत वर्षानुवर्षं वाढत जातं. चाकणला कारखान्यात काम करणारे एक गृहस्थ पत्नीला घेऊन आले होते. मुलगी सहा वर्षांची, दुसरं होत नव्हतं. तीन वर्षं फक्त पत्नीच्या तपासण्या चालल्या होत्या. इंजेक्शनं झाली, दुर्बिणीतून तपासणी झाली. यांची वीर्यतपासणी कोणी सांगितली नाही, कारण एक मूल झालं आहे म्हणजे पुरुष ठीक आहे असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. तपासलं तर डाव्या बाजूला डोळ्यांना दिसेल असं व्हेरिकोसील होतं आणि संख्या ६० लाखांपर्यंत घसरली होती. पहिलं मूल झालं तेव्हा ती बरी असणार. एक मूल झाल्यावर पुढे अडलेल्या पुरुषांमध्ये व्हेरिकोसीलचं प्रमाण पहिलंच मूल न झालेल्यांपेक्षाही जास्त आढळतं. त्या बाईंनी तीन वर्षं जे सोसलं ते टाळता आलं असतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

वृषणात शुक्राणूंखेरीज टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरकही तयार होतं, आणि मोठ्या व्हेरिकोसीलमध्ये काही पुरुषांत त्याची पातळी घसरते. दुखणंही असतं, पण थोड्यांनाच, १०० मागे दोन ते दहा जणांना. ते बोथट, ओढल्यासारखं असतं. दिवसभर उभं राहून काम केलं, वजन उचललं की संध्याकाळी वाढतं आणि आडवं झालं की उतरतं. झोपेतून उठवणारं, अचानक आलेलं, असह्य दुखणं व्हेरिकोसीलचं नसतं. तरुण मुलात तसं झालं तर वृषणाला पीळ पडला असण्याची शंका घेऊन काही तासांच्या आत रुग्णालय गाठायचं. तिथे सकाळची वाट पाहायची नाही.

व्हेरिकोसीलमुळे कर्करोग होत नाही, आणि ते लैंगिक संबंधांच्या आड सहसा येत नाही. या दोन भीतींनी रात्री जागून काढणारी मुलं मला दर महिन्याला भेटतात.

मात्र तीन प्रसंगी व्हेरिकोसील हे दुसऱ्याच आजाराचं लक्षण असू शकतं: फक्त उजव्या बाजूला झालं, चाळिशीनंतर एकाएकी झालं, किंवा आडवं झाल्यावरही शिरा रिकाम्या झाल्या नाहीत. अशा वेळी मूत्रपिंडात किंवा पोटाच्या मागच्या भागात गाठ तर नाही ना, हे सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करून पाहावंच लागतं.

आता हाताने तपासण्याविषयी. खोली उबदार हवी, कारण थंडीत पिशवी आक्रसते आणि काही कळत नाही. डिसेंबरातल्या सकाळी मी आधी हीटर लावतो. रुग्णाला दोन मिनिटं उभं ठेवायचं, मग बोटांनी चाचपायचं, मग श्वास रोखून शौचाला बसल्यासारखा जोर लावायला सांगायचं. फक्त जोर लावल्यावर लागलं तर पहिला ग्रेड, जोर न लावताही हाताला लागलं तर दुसरा, आणि नुसत्या डोळ्यांना दिसलं तर तिसरा. पुस्तकात याचं वर्णन गांडुळांची पिशवी असं करतात. मला ते शिजवलेल्या शेवयांच्या गुंत्यासारखं लागतं, रुग्णांनाही ते लगेच पटतं. मग मण्यांच्या माळेसारख्या एका साधनाने दोन्ही वृषणांचा आकार मोजायचा. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम आहे.

डॉपलरचा उपयोग मी नाकारत नाही. माणूस स्थूल असेल, आधी तिथे ऑपरेशन झालेलं असेल, हाताला नीट कळत नसेल, तर डॉपलर हवाच. साधारण ३ मिलिमीटरपेक्षा रुंद शीर आणि जोर लावल्यावर उलटा वाहणारा प्रवाह दिसला की रिपोर्टवर व्हेरिकोसील लिहिलं जातं. पण फक्त यंत्राला दिसतं आणि हाताला लागत नाही, अशा व्हेरिकोसीलच्या ऑपरेशनाने मूल होण्याची शक्यता वाढते असं दिसलेलं नाही. अमेरिका आणि युरोपातल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनांची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात.

हे मी स्वतः चूक करून शिकलो. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका जोडप्यावर मी असाच निर्णय घेतला. हाताला काही लागत नव्हतं, कागदावर ३.१ मिलिमीटर होतं, आणि दोघंही काहीतरी करा म्हणून हात जोडत होते. पत्नी ३६ वर्षांची होती. ऑपरेशन केलं, वर्षभर वाट पाहिली, काही फरक पडला नाही. ती आयव्हीएफला गेली तेव्हा ३७ पूर्ण झाली होती. ते एक वर्ष तिच्या आयुष्यातलं होतं आणि ते मी खर्च केलं होतं. तेव्हापासून पत्नीचं वय हा माझा पहिला प्रश्न असतो.

तर ऑपरेशन कोणाला लाभतं? व्हेरिकोसील हाताला लागतं, वीर्यतपासणीत दोष आहे, जोडपं वर्षभर प्रयत्न करत आहे, आणि पत्नीचं वय व तिच्या तपासण्या वाट पाहू देतात. या चारही गोष्टी जुळल्या तर मी मनापासून ऑपरेशन सुचवतो. वीर्यतपासणी पूर्ण चांगली असेल तर सुचवत नाही. पत्नी ३५ च्या पुढे असेल किंवा तिच्या बीजांडांचा साठा कमी असेल तर दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ एकत्र बसून ठरवावं लागतं.

ऑपरेशनाने फायदाच होत नाही, असं छापून आलेलंही तुम्हाला सापडेल. त्यामागचं कारण समजून घ्या. जुन्या कित्येक अभ्यासांत हाताला न लागणारी व्हेरिकोसील आणि वीर्य चांगलं असलेले पुरुषही धरले होते. ज्यांना गरजच नाही त्यांच्यात फायदा कुठून दिसणार? २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत फक्त हाताला लागणारं व्हेरिकोसील आणि वीर्यात दोष असलेले पुरुष घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. वर्षभरात ऑपरेशन झालेल्या गटात १०० मागे सुमारे ३३ जोडप्यांना नैसर्गिकरीत्या दिवस गेले, नुसती वाट पाहणाऱ्या गटात सुमारे १४ जोडप्यांना. अजून मोठे अभ्यास व्हायला हवेत. पण माझ्यासमोर बसलेल्या माणसाला मी हाच फरक सांगतो, आणि हेही सांगतो की १०० पैकी ६७ जणांना त्या वर्षात यश आलं नव्हतं.

वीर्याचा रिपोर्ट मात्र यापेक्षा जास्त जणांत सुधारतो, दहापैकी सहा-सात जणांत. संख्या आणि हालचाल दोन्ही वाढतात, डीएनएचं तुटणंही कमी होतं. सुधारणा किती होईल हे आधी नेमकं सांगता येत नाही. मोठं व्हेरिकोसील, वृषणाचा आकार टिकून असणं, एफएसएच या संप्रेरकाची पातळी नॉर्मल असणं, सुरुवातीची संख्या अगदीच तळाला गेलेली नसणं, या गोष्टी अनुकूल असतात.

ऑपरेशन कसं होतं ते सविस्तर सांगतो, कारण वडिलांच्या भीतीचं उत्तर त्यातच आहे. जांघेच्या खाली दोन-तीन सेंटिमीटरचा छेद घेतात. तिथून वृषणाचा दोर, म्हणजे त्याच्या शिरा, धमन्या, लसवाहिन्या (पेशींभोवतालचं पाणी परत नेणाऱ्या बारीक नळ्या) आणि वीर्यनलिका यांचा जुडगा बाहेर उचलतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली दहा ते पंचवीस पट मोठं करून एकेक फुगलेली शीर वेगळी काढून बांधायची. धमनी एखाद-दीड मिलिमीटर जाडीची असते, तिचे ठोके लहान डॉपलर लावून ऐकता येतात. ती वाचवायची. लसवाहिन्या काचेसारख्या पारदर्शक असतात, त्याही वाचवायच्या, नाहीतर पुढे पाणी साचून हायड्रोसील होतं. वीर्यनलिका तिच्या स्वतःच्या शिरांसह बाजूला ठेवायची. फुगलेल्या शिरा बांधल्यावर रक्त वीर्यनलिकेच्या या शिरांच्या वाटेने परत जातं. एका बाजूला तासभर तरी लागतो.

वडिलांच्या पिढीने आणीबाणीतल्या नसबंदीच्या कहाण्या घराघरांत ऐकलेल्या आहेत. ‘तिथलं ऑपरेशन’ म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर तेच येतं, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. त्यांना एवढं सांगा: नसबंदीत वीर्यनलिका कापतात, इथे तिला हात न लावता बाजूच्या शिरा बांधतात. ताठरतेच्या नसा आणि रक्तवाहिन्या या ऑपरेशनच्या जागी नसतातच.

पद्धती इतरही आहेत. पोटातून दुर्बिणीने करतात, सूक्ष्मदर्शकाशिवाय उघडं ऑपरेशन करतात, आणि मान किंवा जांघेतल्या शिरेतून बारीक नळी घालून आतून शीर बंद करतात. जुन्या उघड्या पद्धतीत व्हेरिकोसील परत होण्याचं प्रमाण साधारण १०० मागे ५ ते १५ आहे आणि काही जणांत हायड्रोसील होतं. सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या ऑपरेशनात परत होणं १०० मागे एक-दोन आणि हायड्रोसील एकाहूनही कमी. नळीची पद्धत मी विशेषतः ऑपरेशन होऊनही परत झालेल्यांना सुचवतो. तुम्ही ज्या डॉक्टरांकडे जाल त्यांना सरळ विचारा: सूक्ष्मदर्शकाखाली करता का, आणि महिन्याला अशी किती करता? हे विचारणं उद्धटपणाचं नाही. चांगला सर्जन त्याचं उत्तर आनंदाने देतो.

धोके म्हणाल तर जखमेत थोडं रक्त साचणं, सूज, जंतुसंसर्ग, मांडीच्या आतल्या बाजूला काही दिवस बधिरपणा. धमनीला इजा होऊन वृषण आक्रसणं हा खरा गंभीर धोका. तो अनुभवी हातात फार दुर्मिळ आहे, पण तो आहे हे ऐकूनच संमतीपत्रावर सही करा.

बहुतेक जण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी घरी जातात. बैठं काम असेल तर चार-पाच दिवसांत ऑफिस. दुचाकी मात्र दहा दिवस बंद. आपल्या रस्त्यांवरचे खड्डे आणि गतिरोधक ताज्या टाक्यांना सोसत नाहीत. जड उचलणं, जिम, सिंहगड चढणं महिनाभर नाही. पहिले दोन आठवडे आधार देणारी चड्डी घालायची. तालमीत गेलेल्या एका पैलवान रुग्णाने लंगोट चालेल का विचारलं होतं. आधारापुरता चालतो, पण आवळून नाही.

एक चूक जवळजवळ सगळे करतात. महिन्याभरात वीर्यतपासणी करतात, आकडा तसाच दिसला की खचून जातात. एक शुक्राणू तयार व्हायला साधारण ७२ ते ७४ दिवस लागतात आणि त्यापुढे बाहेरच्या वाटेवर काही दिवस जातात. म्हणून पहिली तपासणी तीन महिन्यांनी करायची, दुसरी सहा महिन्यांनी. सुधारणा पुढेही वर्षभर चालू राहू शकते. दर वेळी दोन ते सात दिवसांचा खंड ठेवून, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत तपासा. एरवीही आकडे खालीवर होतात, म्हणून ऑपरेशनाआधी किमान दोन रिपोर्ट हवेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेली खालची मर्यादा दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख आणि एकूण हालचाल ४२ टक्के अशी आहे. तुमचे आकडे दोन्हींच्या साधारण निम्मे आहेत.

आता आयव्हीएफ. ज्यांनी ते सुचवलं त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पत्नी ३८ वर्षांची असती तर मीही तेच म्हणालो असतो. पण आयव्हीएफमध्ये इंजेक्शनं पत्नीला, भूल पत्नीला, शरीराचा ताण पत्नीला, आणि दोष पतीच्या बाजूला तसाच राहतो. दुसऱ्या मुलाच्या वेळी पुन्हा तेच. ऑपरेशनाने मूळ कारणावर काम होतं. नैसर्गिक गर्भधारणा झाली नाही तरी पुष्कळदा पायरी खाली येते: ज्यांना आयव्हीएफ लागलं असतं त्यांचं आययूआयवर, म्हणजे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडण्यावर, भागतं. आणि आयव्हीएफ करावंच लागलं तर चांगल्या प्रतीचे शुक्राणू हाताशी असतात.

ज्यांच्या वीर्यात एकही शुक्राणू नाही, त्यांच्याविषयी थोडं. १९५२ साली एडिनबर्गच्या टुलॉक यांनी अशाच एका पुरुषाची हकिकत प्रसिद्ध केली. दोन्ही बाजूंच्या व्हेरिकोसीलच्या ऑपरेशनानंतर त्याच्या वीर्यात शुक्राणू आले आणि त्याला मूल झालं. पुरुष वंध्यत्वासाठी हे ऑपरेशन तिथपासून रुजलं. आज आपल्याला माहीत आहे की अशा पुरुषांपैकी साधारण एक तृतीयांशांमध्ये ऑपरेशनानंतर थोडेफार शुक्राणू दिसू लागतात. तरीही बहुतेकांना इक्सी, म्हणजे एकेक शुक्राणू थेट बीजांडात टोचण्याची पद्धत, लागतेच, आणि दिसलेले शुक्राणू पुन्हा नाहीसे होऊ शकतात, म्हणून दिसले की लगेच गोठवून ठेवावेत. संख्या शून्य किंवा ५० लाखांच्या खाली असेल तर ऑपरेशनाआधी गुणसूत्रांची आणि वाय गुणसूत्राची तपासणी करायची. तुमच्या आकड्याला ती लागत नाही.

दुखण्यासाठी ऑपरेशन केलेल्यांत, निवड नीट केली असेल तर, १०० पैकी ८० हून अधिक जणांना आराम पडतो. निवड नीट म्हणजे आधी आधार, विश्रांती आणि साध्या गोळ्या देऊन पाहिलेलं, आणि दुखणं खरोखर त्याच शिरांचं आहे याची खात्री केलेली. कंबरेतून किंवा मूतखड्यातून उतरलेल्या कळेसाठी या शिरा बांधल्या तर कळ तशीच राहते. टेस्टोस्टेरॉन मुळात कमी असेल तर ऑपरेशनानंतर ते सहसा वाढतं, पण तेवढ्याच कारणासाठी ऑपरेशन करा असं मी कोणाला सांगत नाही.

वयात येणाऱ्या मुलांचं काय, असं तुम्ही विचारलेलं नाही. तरी कोणा आईवडिलांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो. चौदा-पंधराच्या मुलात डावं वृषण उजव्यापेक्षा २० टक्क्यांहून जास्त लहान असेल आणि वर्षभर पाहूनही तो फरक टिकला किंवा वाढला, तर ऑपरेशनाचा विचार करावा. त्या वयात वृषण पुन्हा वाढून भरून निघू शकतं. लष्कर किंवा पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं तर मैदानी चाचणीत पहिली येऊन वैद्यकीय तपासणीत याच कारणावर अडतात, आणि मग चार दिवसांत फिट करून द्या म्हणून धावत येतात. अकादमीत नाव घालतानाच एकदा तपासून घेतलं तर ही धावपळ होत नाही.

औषधांविषयी शेवटचं. निकामी झालेली झडप कोणत्याही गोळीने, काढ्याने किंवा लेपाने दुरुस्त होत नाही. काउंट वाढवणाऱ्या पुड्या आणि व्हिटॅमिनच्या गोळ्यांवर लोक महिनोन्‌महिने पैसे घालतात. जस्त आणि फॉलिक ॲसिडची, तसंच ॲन्टिऑक्सिडंटच्या गोळ्यांची मूल न होणाऱ्या पुरुषांवर अमेरिकेत नीट चाचणी झाली, २०२० साली निष्कर्ष छापून आले, आणि रिकाम्या गोळीपेक्षा काही जास्त फायदा दिसला नाही. तंबाखू सोडणं, वजन उतरवणं, मांडीवर लॅपटॉप न ठेवणं, भट्टीसमोरच्या कामात मध्येमध्ये बाजूला होणं, एवढं मात्र जरूर करा. आणि जिममध्ये कोणी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुचवलं तर हात जोडून नाही म्हणा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की मेंदू वृषणांना काम थांबवायला सांगतो आणि संख्या शून्यावर येऊ शकते. दंड भरलेले आणि वीर्य रिकामं असे तरुण मी पाहिले आहेत, आणि ते पाहून फार हळहळ वाटते.

तुम्ही आता इतकंच करा. तीन आठवड्यांनी दुसरी वीर्यतपासणी करून घ्या, सकाळच्या रक्तात एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन पाहा, आणि तुम्हाला उभं करून हाताने तपासणाऱ्या मूत्ररोगतज्ज्ञाकडे जा. पत्नीला बरोबर न्या, तिचे रिपोर्ट फक्त ‘ठीक’ म्हणून सांगू नका, फाइल घेऊन जा. आणि जमलं तर वडिलांनाही न्या. त्यांना जे विचारायचं आहे ते त्यांनी डॉक्टरांना स्वतः विचारू दे.